न घेतलेलं नाव

मोबाइलवर आलेल्या ईमेलमधला ‘सापडले’ एवढा एकच शब्द माभेलेने वाचला आणि गळ्यात मापाची पट्टी तशीच ठेवून ती वाचनालयाकडे सुटली. त्सोमो गावच्या बाजारात कुणीतरी हाक मारली, तिने वळूनही पाहिलं नाही. आठ वर्षं ती याच एका शब्दाची वाट पाहत होती.

तिचा थोरला नऊ वर्षांपूर्वी दूर समुद्रकाठी साल्दान्याला मासेमारीच्या बोटींवर कामाला गेला. वर्षभर फोन आले, मग नंबरच बंद. पुढे कोणत्या बोटीवर, कोणत्या बंदरात गेला, काही पत्ता नाही. माभेले पांढऱ्या जाड कापडाचे, काळ्या फितीचे घागरे शिवायची आणि वेबसाइटवरून विकायची. त्याच वेबसाइटवर गेल्या महिन्यात तिने पोराला शोधणारं एक पान लिहिलं होतं.

वाचनालय सांभाळणारी बाबल्वा तिची जुनी मैत्रीण. तिने ईमेल दोनदा वाचला.

“आधी बस. पोरगा नाही गं सापडला. पान सापडलंय.”

“कुणाला?”

“सर्च इंजिनला. ‘पान सापडले आहे, सध्या इंडेक्समध्ये नाही.’ म्हणजे तुझं पान आहे एवढं त्यांना कळलंय. पण आत येऊन वाचलं नाही, यादीत घातलं नाही. आणि यादीत नसलेलं पान शोधणाऱ्याला दिसत नाही.”

“मग सापडलं कशाला म्हणतात मेले!”

कोपऱ्यात रोज पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर करून दोघींकडे रागाने पाहिलं. माभेलेला रडू आलं, आणि रडूपेक्षा संताप जास्त आला.

बाबल्वाने चूक शोधून काढली. घागऱ्यांच्या पहिल्या पानावरून या पानाकडे जायला दुवाच नव्हता. माभेलेने ते पाहुण्यांना दिसू नये अशा जागी ठेवल्यासारखं ठेवलं होतं. दुवा दिला, पान तपासायची विनंती पाठवली. मग तीन आठवडे माभेले एक शिवण घाली आणि एकदा मोबाइल बघे. रस्त्यावर उंच, किंचित पोक काढून चालणारा कुणी दिसला की मशीनवरचा पाय आपोआप थांबे. त्या दिवसांत दोन घागऱ्यांच्या फिती उलट्या लागल्या.

मग सूचना आली, ‘पान इंडेक्समध्ये आहे.’ माभेले मग्विन्या, आंबवलेल्या पिठाचे गरम गोळे, तळून वाचनालयात घेऊन गेली.

“आता शोधून दाखव.”

“काय नाव टाकू?”

“थोले.”

बाबल्वाने टाकलं. पडदाभर वासरं आली. विकाऊ वासरं, आजारी वासरं, बक्षीस मिळालेली वासरं. त्यांच्या भाषेत थोले म्हणजे वासरूच; घरी ती पोराला लाडाने तेच म्हणायची.

“अगं, बोटीवर त्याला थोले म्हणून कोण ओळखतं? खरं नाव टाकते थांब.” खरं नाव टाकूनही पान आलं नाही. बाबल्वाने पानच उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली, “‘माजोलांचा थोरला नातू. माझं पहिलं लेकरू. डाव्या गुडघ्यावर भाजल्याची खूण...’ माभेले, नाव कुठाय?”

माभेलेने डोक्यावरचं फडकं पुढे ओढलं.

बाबल्वाने कपाळावर हात मारला. “सासऱ्यांचं नाव!”

घरच्यांनी पोराला आजोबांचं नाव दिलं होतं, म्बुयिसेलो. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावासारखा वाजणारा शब्दही तोंडातून काढायचा नाही. आणि त्या नावात ‘बुया’ आहे. बुया म्हणजे परत ये. तो निघाला त्या दिवशी बसपाशी बाकीच्या आया आपापल्या पोरांना ‘बुया, बुया’ म्हणून ओरडत होत्या. ही म्हणाली होती, “रस्ता वळतो तिथून वळ, बाळा.” तो हसला होता. आईचं हे आडवळणाचं बोलणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.

“सासरे जाऊन सोळा वर्षं झाली,” बाबल्वा म्हणाली.

“गेले म्हणून सासरे राहिले नाहीत का?”

“यंत्राला तुझी आडवळणं कळत नाहीत गं. कुणी त्याला नावाने शोधलं, किंवा त्यानेच कधी स्वतःचं नाव टाकून पाहिलं, तर ते नाव पानावर नको का? सरक, मी लिहिते. मी काही त्या घरची सून नाही.”

माभेलेने तिचा हात धरला. “नको. आई मी आहे.”

ती घरी गेली. घरातली गेलेली माणसं गुरांच्या वाड्यात असतात, पण तिथे सुनेने जायचं नसतं, म्हणून डोकं आणि खांदे नीट झाकून ती फाटकाबाहेर उभी राहिली. आत गाई रवंथ करत होत्या.

“माजोला,” ती कुळाच्या नावाने म्हणाली, “तुमचं नाव पुढे चालावं म्हणून पोराला दिलंत. ते घेऊन तो हरवलाय. मी तोंड मिटून बसले तर दोन्ही जातील. राग आला तर माझ्यावर काढा, त्याच्यावर नको. मला तो हवाय.”

कुणी हो म्हटलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबल्वाच्या खुर्चीत बसली आणि एकेक अक्षर हुडकत तिने ते नाव पानाच्या अगदी वर लिहिलं. नावापुढे स्वल्पविराम देऊन तिने आणखी एक शब्द लिहिला.

“बरोबर लिहिलंय का? वाच,” ती म्हणाली.

“तूच वाच,” बाबल्वा म्हणाली.

माभेलेने श्वास घेतला. आवाज तिला वाटला त्यापेक्षा फार मोठा निघाला.

“म्बुयिसेलो, बुया!”

“ओ?” कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला. “आलो. काय गं पोरी?”

बाबल्वाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. माभेले उठून उभी राहिली. सासऱ्यांसमोर राहायची तशी, नजर खाली घालून.

“तुम्हाला नाही, तात,” ती म्हणाली. “माझ्या मुलाला बोलावतेय.”