उदाहरण म्हणून उभी

चारुशीला मॅडमची इंग्रजी शिकवायची एक पद्धत होती. नवा शब्द आला की वर्गातलं एखादं पोर त्या उदाहरण म्हणून उभं करायच्या. बस म्हणेपर्यंत ते उभंच राहायचं. येरमाळ्याजवळच्या त्या शाळेत नववीच्या पोरांना ते आवडायचं. आपला नंबर लागावा म्हणून चढाओढ चाले.

सोमवारी फळ्यावर ‘फेअर’ आला. फेअर म्हणजे जत्रा. जत्रा भरते त्या येडेश्वरीच्या देवळाजवळ घर असलेला बिभीषण उभा राहिला. उच्चार तोच पण स्पेलिंग वेगळं, तो फेअर म्हणजे गाडीभाडं. त्याला रोज एसटीनं येणारा शिवलिंग. फेअर म्हणजे गोरा. मैथिली लाजत उठली. आता याच्या उलट काय, मॅडमनी विचारलं.

“उलटं तर आपली निकिता हाय की,” बिभीषण उभ्याउभ्या म्हणाला.

वर्ग हसला. मॅडमच्याही ओठांवर हसू आलं. त्यांनी ते आवरलं, पण पोरांनी बघायचं ते बघितलं होतं. निकिता कुणी न सांगता उठून उभी राहिली. उदाहरणानं उभं राहायचं असतं, हे तिला मॅडमनीच शिकवलं होतं. बाकीच्यांना मॅडमनी बसवलं; तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या फळ्याकडे वळल्या, आणि तास संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

संध्याकाळी घरी मॅडमच्या डोक्यातून निकिता जाईना. इंग्रजी धडा वाचायला आपणहून हात वर करणारी वर्गात ती एकच. आता ती तोंड उघडेल का? त्यांनी जाडा शब्दकोश काढला. जत्रेचा फेअर लॅटिनमधल्या सणाच्या दिवसावरून आलेला, भाड्याचा जुन्या इंग्रजीतल्या प्रवासावरून. तिसरा मुळात नुसता ‘सुंदर’. गोरेपण त्याला कितीतरी नंतर चिकटलं. वाचून मॅडमना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळं रंगवून सांगितलं. मग म्हणाल्या, “तर मूळ अर्थाचं उदाहरण. निकिता, उभी राहा बरं.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. निकितानं मान वर केली नाही.

“मॅडम, मी बसूनच ऐकते.”

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मॅडमची कानशिलं तापली. शब्दाचं कूळ त्यांनी शोधलं होतं ते स्वतःच्या सुटकेसाठी, आणि त्यापायी त्या तिलाच पुन्हा सगळ्यांसमोर उभं करायला निघाल्या होत्या.

“बस तू,” त्या म्हणाल्या. मग वर्गाकडे बघून, “काल मी हसले. माझं चुकलं.”

धडा कोण वाचणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा एकही हात वर आला नाही. मॅडमनी पुस्तक उघडलं आणि त्या स्वतःच वाचायला लागल्या.