उकडलेली साळ

पाहुणे यायचे म्हटले की शाळा कशी लख्ख होते, हे आपण सगळेच जाणतो. विज्ञानशिक्षणावर तीस वर्षं संशोधन करणाऱ्या, शेकडो शिक्षक घडवणाऱ्या प्राध्यापिका विशालाक्षींच्या मात्र ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. तंजावरहून त्या पापनाशमच्या एका शाळेत आल्या आणि सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर आपला निरीक्षणाचा तक्ता उघडून बसल्या.

श्रीविद्या टीचर हंगामी होती. विशालाक्षींच्या शेऱ्यावर तिची नोकरी कायम व्हायची होती. तिनं दोन पेले दाखवले. ओल्या कापसावरच्या साळीला मोड आले होते, पाण्यात बुडवलेली होती तशीच होती. "हवा नाही, तर मोड नाही," ती म्हणाली. अगदी पुस्तकातल्यासारखं!

हरिता नावाच्या मुलीनं पेल्यात नाक खुपसलं. "टीचर, ह्या दाण्यांची टरफलं फुटलीत. आमच्या घरी साळ उकडून वाळवतात, ती अशीच दिसते. उकडलेलं बी कसं रुजेल?"

टीचरचा चेहरा पांढराफटक पडला.

मधल्या सुट्टीत विशालाक्षींनी तिला जवळ बसवलं. दोघी घरी तंजावरी मराठी बोलणाऱ्या, तीच भाषा तोंडी आली. "कां केलेंस गे असें?"

"तीनदां करून पाहिलें, अम्मा. पाण्यांतहि मोड येतोच! तुमच्या तक्त्यांत विचारलें अहे, उत्तर पुस्तकाशीं जुळलें कां? नाहीं म्हटलें तर माझी नोकरी जाईल."

विशालाक्षींना राग यायला हवा होता, पण कुतूहलच चाळवलं. "खरेंच येतो? मूळहि येतें?"

"मूळ नाहीं. नुसता पांढरा कोंब."

"अय्यो! तीस वर्षांत मज कोणी सांगितलें नाहीं!"

"कसें सांगतील, अम्मा? तुम्ही मागें बसून तक्त्यांत खुणा करतां, आम्हांस भय वाटतें. भ्यालेल्या माणसानें पोरांस 'प्रश्न विचारा' म्हणून कसें सांगावें?"

बिनतोड सवाल! शिक्षक प्रश्नांना का बिचकतात, याचा शोध घेत बाई जिल्हाभर हिंडल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांना मनापासून लाज वाटली.

सुट्टी संपल्यावर त्या वर्गापुढे उभ्या राहिल्या. "तुमच्या टीचरला खरं उत्तर मिळालं होतं. माझ्या धाकानं तिनं ते लपवलं. चूक माझी."

श्रीविद्या पुढे आली. "साळ मीच उकडली होती. पाण्यात कोंब का येतो, ते मला ठाऊक नाही."

वर्गात एकच गलका उठला. कुणाला विहिरीचं पाणी घालून पाहायचं होतं, कुणाला उडीद बुडवून.

विशालाक्षींनी शेरा लिहिला: 'हिला कायम करावं. आज हिच्या वर्गात विज्ञान पाहिलं.'

वाचकहो, 'मला ठाऊक नाही' म्हणायची ज्याला मुभा नाही, तो आपल्या मुलांना शोधायला काय शिकवणार? ती मुभा त्याला आपणच द्यायची आहे!