सात पट्ट्या उरलेला खोका

मित्रांनो, मी एक जुना, अर्धवट राहिलेला औषधाचा खोका आहे. केस कापायच्या दुकानात, आरशाखालच्या खणात, मोडक्या कंगव्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. हसू नका. माझेही चांगले दिवस होते.

कारखान्यात माझ्या पोटात चौदा पट्ट्या भरल्या, एका दिवसाला एक. प्रत्येक पट्टीत सकाळच्या तीन गोळ्या आणि संध्याकाळच्या तीन. त्या तिघींपैकी एक पोटातलं आम्ल कमी करणारी आणि दोघी जंतू मारणाऱ्या. पहिली जळजळ थांबवते, म्हणून सगळं कौतुक तिचंच. पण पोटात जखम करणाऱ्या जंतूंना हुसकावतात त्या दुसऱ्या दोघी. तिघींनी मिळून चौदा दिवस राबायचं, असा आमचा रिवाज.

मला विकत घेतलं ते या दुकानाच्या न्हावीकाकांनी. दिवसभर उभ्याने काम, जेवणाला ना वेळ ना काळ. छातीत सतत आग. डॉक्टरांनी तपासलं तर पोटात अल्सर निघाला, तोही जंतूंमुळे झालेला. औषधवाल्या बाईंनी बजावलं, "बरं वाटलं तरी मधे सोडायच्या नाहीत हं!"

"छे हो, सोडतोय कसला!" काका म्हणाले.

पहिला आठवडा तर काय सांगू! काका सकाळ-संध्याकाळ न चुकता खण उघडायचे. पाचव्या दिवशी त्यांनी लेकीला फोन केला, "आज पोटभर जेवलो गं!" मी खणातल्या खणात फुगलो.

आठव्या दिवशी माशी शिंकली. खुर्चीतलं गिऱ्हाईक छातीतल्या जळजळीने कण्हत होतं. आता आमच्या काकांचा स्वभाव असा, की खुर्चीत बसलेल्या माणसाला कधी 'नाही' म्हणायचं नाही. त्याने पावसाळ्याला उन्हाळा म्हटलं तरी हे "हो ना, काय उकडतंय!" म्हणणार. त्यांनी माझ्यातली आम्लाची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "घ्या, माझी आग हिनेच पळवली."

झालं! दुसऱ्या दिवशी दुसरा आला, मग तिसरा. उरलेल्या सातही पट्ट्यांतल्या त्या गोळ्या चार दिवसांत गावभर झाल्या. बाकीच्या दोघींकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. "त्यांनी तोंड कडू होतं," काका म्हणाले, "आणि मला आता कुठे काय होतंय?"

तेव्हापासून मी वाट पाहत राहिलो. खण उघडला की जीव हरखायचा. हात यायचा, कंगवा घेऊन जायचा. पुन्हा यायचा, वस्तरा घेऊन जायचा. अहो काका, आम्ही इथे आहोत, असं ओरडावंसं वाटायचं. दोन महिने मी त्या एका हातासाठी झुरलो.

मग एका दुपारी दाढी करता करता काका खाली कोसळले. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, तोंडाला फेस तसाच, गाडी आणायला रस्त्यावर धावलं. काकांना किती तरी दिवस शौचाला काळं होत होतं, आणि या माणसाने घरात अवाक्षर काढलं नव्हतं. अल्सरमधून रक्त जात होतं.

इस्पितळात लेक मला घेऊन गेली. डॉक्टरांनी मला उघडलं. सातही पट्ट्यांत फक्त आम्लाच्या गोळ्यांच्या जागा रिकाम्या होत्या, आणि त्या गिऱ्हाइकांना गेल्याचं सोबत आलेल्या अर्ध्या दाढीवाल्याने सांगितलं.

"बाबा, तुम्ही गोळ्या वाटल्यात?" लेकीने विचारलं.

"अगं, समोरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

"आणि तुमच्या जिवावर बेतलं असतं, तर आम्ही काय करायचं होतं?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

डॉक्टर म्हणाले, "जंतू आता या गोळ्यांना सरावले असतील. दुसऱ्या द्याव्या लागतील." मित्रांनो, ते ऐकून माझं काळीज तुटलं. ज्यांच्यासाठी इतके दिवस थांबलो, त्यांच्याच उपयोगाचा मी उरलो नाही.

काका वाचले. दुकानात परतल्यावर नवा खोका माझ्याशेजारी आला. लेक रोज दोन्ही वेळा यायची आणि काकांनी गोळ्या गिळेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहायची. एकदा जुन्या गिऱ्हाइकाने पुन्हा गोळी मागितली. काकांचा वस्तरा हवेतच थांबला. "नाही. डॉक्टरकडे जा," ते म्हणाले. गिऱ्हाईक आ वासून बघत राहिलं, आणि मीसुद्धा.

आज नव्या खोक्यातली शेवटची गोळी संपली. काकांनी तो कानाशी धरून हलवला, आवाज आला नाही. लेक हसली आणि तिने तो केराच्या डब्यात टाकला. मला त्याचा फार हेवा वाटला. उद्या ती मलाही नेणार आहे, औषधवाल्या बाईंकडे परत द्यायला, म्हणजे माझ्या गोळ्या भलत्याच्या पोटात जायला नकोत.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा खोका असेल. आई, बाबा, आजोबा, ज्या कुणाचा असेल, त्यांना रोज विचारा, "आजची गोळी घेतली का?" आठव्या दिवशी काकांना एवढंच कुणी विचारलं असतं, तर मीही रिकामा होऊन गेलो असतो.