एकीचीच जागा

माझ्या बायकोची, डोरीनची राख हिरव्या डब्यात होती आणि डबा माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. ‘मला आवडतं त्या चर्चपाशी ठेव,’ एवढंच ती म्हणाली होती. कोणतं, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

तीस वर्षं दर शनिवारी ती खेड्यांतली जुनी चर्च बघायला जायची. गाडी मी चालवायचो. ती आत, मी गाडीत. मांडीवर सँडविच, रेडिओवर क्रिकेट.

आता मी आत जात होतो. वळण संपलं की कुंपण, कुंपण संपलं की मेंढ्या, मेंढ्या संपल्या की पुन्हा एक मनोरा. दहा चर्च झाली. दगड पाहिले, रंगीत काचा पाहिल्या. काही वाटलं नाही. दात काढून आल्यावर गाल आपला वाटत नाही, तसा मी सगळाच.

अकरावं नेदर ऑलकमचं. आत एक बाई पितळी मेणबत्तीदान घासत होती.

“पाय पुसा आधी! आत्ताच फरशी पुसलीय.” मग तिनं चष्मा वर केला. “अहो, तुम्ही डोरीनचे गाडीवाले ना? मी ग्वेंडा. मला वाटायचं, तुम्हाला पायच नाहीत.”

“आहेत.”

“मग ती कुठंय? आज ती गाडीत बसली की काय?”

“वारली. मार्चमध्ये.”

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. “अरे देवा. माझी मेलीची जीभ.”

“तिला हे चर्च आवडायचं का?”

“चर्च? ढुंकून बघायची नाही हो. त्या मागच्या बाकावर जोडे काढून आडवी व्हायची. म्हणायची, ग्वेंडा, अर्धा तास हाक मारू नकोस. घरी सारखं कुणीतरी बोलत असतं.”

घरी आम्ही दोघंच होतो. डोरीन फारशी बोलत नसे.

मी त्या बाकाकडे पाहिलं. लाकूड होतं, नुसतं लाकूड.

“तिला इथंच ठेवायचंय,” मी म्हणालो.

“बाहेरगावच्यांना पादरीबाई हो म्हणतात, पण आधी अर्ज लागतो.” ग्वेंडानं कपाटातून कागद काढला, पेन झटकलं. “भिंतीकडेला जागा आहे. दोघांची लिहू ना? सगळे दोघांचीच घेतात.”

“एकीचीच,” मी म्हणालो.

तिनं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग तिनं तसं लिहिलं आणि मी खाली सही केली.