पद्माबाईचा दम

"कानाचा काय त्रास?"

"न्हाई," जळबा म्हणाला.

"आहे," ज्योती म्हणाली.

टेबलापलीकडच्या गुरुनाथनं कागदावरचं पेन उचललं आणि बापलेकीकडं आळीपाळीनं बघितलं. मालवणच्या किनाऱ्यावर माडाच्या सावलीत त्याचं टेबल होतं. पाठीवर हवेची टाकी बांधून माणसाला समुद्राच्या तळाशी न्यायचं, मासे दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं, हा त्याचा धंदा. त्याआधी हा कागद भरून द्यावा लागे. दमा आहे का, रक्तदाब आहे का, कान कसे आहेत.

"तू गप ऱ्हाय जोती," जळबा कुरकुरला. "तीस वर्सं पान्यात काढले मी. अन् हे मला कान इचारून राहिलेत."

"डाव्या कानाचा पडदा फाटलाय बाबा. डॉक्टरचा कागद आज सकाळीच मला तुमच्या पिशवीत सापडला. खाली गेलात की पाणी आत शिरेल, चक्कर येईल." ज्योती गेल्या वर्षीच इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती. बापाशी बोलतानाही तिच्या आवाजात वॉर्डातला ठामपणा यायचा.

गुरुनाथनं पेनाचं टोपण लावलं. "काका, राग मानू नकात. कान फुटलेल्या माणसाक मी खाली नेत नाय. माझो सख्खो भाव असलो तरी नाय."

जळबा उठला, वाळूतनं चालत पाण्याच्या कडेला गेला आणि त्यांच्याकडं पाठ करून उभा राहिला.

बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसलेली पद्माबाई त्या पाठीकडं बघत राहिली. ही पाठ ती चांगली ओळखत होती. गावाकडं, कुरुंद्यात आणि आजूबाजूच्या दहा गावांत कुणाच्या विहिरीत मोटार पडली, पाइप निसटला, पितळी घागर बुडाली की एकच निरोप यायचा, जळबा पाईकरावाला बोलवा. तो यायचा, सदरा काढायचा, कमरेला दोर बांधायचा, एक मोठा दम छातीत भरायचा आणि काळ्या पाण्यात दिसेनासा व्हायचा. दोराचं दुसरं टोक पद्माबाईच्या हातात. सुरुवातीला दोर धरायला दुसराच माणूस असायचा. एकदा तो बिडी पेटवायच्या नादात दोर विसरला आणि जळबा मरता मरता वाचला. तेव्हापासून त्यानं दोर बायकोशिवाय कुणाच्या हातात दिला नाही. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन हिसके म्हणजे ओढ. तो खाली गेला की इकडं हिचाही दम आपोआप छातीत अडकायचा. तो वर आला की सुटायचा. पोटात ज्योती असतानाही ती विहिरीच्या काठावर उभीच होती.

कधी कधी मोटार नसायची, माणूस असायचं. एका वर्षी शेजारच्या गावातली लग्नाला आलेली पोरगी त्यानं वर आणली. त्यानंतर दोन दिवस जेवला नाही. "खाली काय असतंय वो?" पद्माबाईनं तेव्हा भीत भीत विचारलं होतं. "काय असणार? गाळ," एवढंच तो म्हणाला. पुन्हा तिनं विचारलं नाही.

पुढं कान गेला, गावात बोअर आले, विहिरींवर क्रेन यायला लागल्या. "आता सोडलं म्या," असं जळबा सगळ्यांना सांगायचा. कानाचं सांगत नव्हता. पण मालवणला यायचं ठरलं आणि ज्योतीनं फोनवर समुद्राखाली जायचं सांगितलं, त्या दिवसापासून गडी बदलला होता. हळदीच्या शेतात उभा राहून दम धरायचा. पारावर सांगायचा, "समुद्र बघाया न्हाई, समुद्रात जाऊन राहिलो मी."

आणि आता ही पाठ.

"जोती," पद्माबाई म्हणाली, "दोघांचं सांगितलंवतं ना तू?"

"हो. बाबांचं आणि माझं."

"मंग बाबाच्या जागी मी जाते."

ज्योती हसली. मग आईचा चेहरा बघून थांबली. "माय, तू? काल लाट पायाला लागली तर माझा हात धरून ओरडत होतीस."

"काल तिसऱ्या खायालाबी भीत व्हते. खडे समजले. मंग दोन ताटल्या खाल्ल्या का न्हाई?"

हे खरं होतं. गेल्या दोन दिवसांत पद्माबाईला काय झालं होतं कोण जाणे. पहिल्या दिवशी ती समुद्राकडं नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातलं मांस खाल्लं, होडीत बसली, माडावरून शहाळी उतरवणाऱ्या बाईशी गप्पा मारल्या, आणि आकाशात छत्रीला लटकून जाणारी माणसं बघून "ते किती उंच जातंय?" असं चार वेळा विचारलं. छप्पन्न वर्षांच्या आईनं आजवर कुठल्या गोष्टीला "मला पाहिजे" म्हटलेलं ज्योतीला आठवत नव्हतं.

"दादा," पद्माबाईनं गुरुनाथला विचारलं, "मला पवता येत न्हाई. चालतंय का?"

"चालता. काकू, फक्त तोंडान श्वास घ्यायचो आणि घाबराचा नाय. हात मी सोडूचंय नाय."

जळबाला उजव्या कानानं हे ऐकू गेलं असावं. तो वळून परत आला. "कोन? तू जानार?"

"व्हय. मी."

"डोक्यावून तांब्या घेतला तरी तुला दम लागतो."

"मंग आज बघू, किती लागतो."

तो तिच्याजवळ आला. ज्योतीकडं पाठ करून, आवाज बारीक करून म्हणाला, "जाऊ नको पद्मा. खाली काई चांगलं नसतंय."

लग्नाच्या चौतीस वर्षांत लेकीसमोर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. पद्माबाईचं मन क्षणभर हललं. पण पायाखालची वाळू ऊन होती, समोर पाणी हिरवंनिळं चमकत होतं, आणि तिच्या आत कुणीतरी पोरीसारखं उड्या मारत होतं.

"तेच बघायचंय मला," ती म्हणाली. "तुमी कदी सांगतलंच न्हाई."

किनाऱ्यावरच्या खोपटात काळा रबरी पोशाख आईच्या अंगात चढवायला दोघी मायलेकींना पाव तास लागला. लग्नानंतर पहिल्यांदाच पद्माबाई लुगड्याबाहेर आली होती. खोपटाबाहेर पडताना तिनं सवयीनं पदर सावरायला हात खांद्याकडं नेला आणि तिथं काहीच नसल्यामुळं स्वतःच हसत सुटली.

जळबानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "म्हशीवानी दिसून राहिली."

"म्हशीला पवता तरी येतंय!"

गुरुनाथही हसला. जळबाच्या ओठांचे कोपरे किंचित हलले, पण डोळे हसले नाहीत.

होडी खडकांजवळ थांबली. बाबांना एकटं नको म्हणून ज्योती आपली पाळी सोडून होडीतच थांबली. शिडीवर छातीएवढ्या पाण्यात उभं करून गुरुनाथनं तिला सगळं शिकवलं. तोंडात नळी दातांनी धरायची. डोळ्यानाकावर काच. कानात दडे बसले की नाक दाबून फुंकायचं. बोटांचा गोल केला म्हणजे सगळं ठीक. अंगठा वर केला म्हणजे मला वर न्या.

पहिल्यांदा डोकं पाण्याखाली गेलं आणि पद्माबाईनं सवयीनं दम धरला. छाती दाटली. ती धडपडत वर आली, नळी थुंकली, खोकली.

"बास, काढा तिला वर!" होडीतनं जळबा ओरडला.

"दम धरू नकात काकू," गुरुनाथ शांतपणे म्हणाला. "दम सोडा. सोडा आणि घ्या. घरी घेता तसो."

दम सोडा. आयुष्यभर पाण्याशेजारी उभं राहून दम धरायचीच तिला सवय. तिनं पुन्हा नळी दातांत धरली, डोळे मिटले आणि खाली गेली. छातीतला वारा हळूहळू सोडला. कानाजवळनं हळदीच्या कढईसारखा बुडबुडबुड आवाज वर गेला. मग तिनं श्वास ओढला, आणि तो आला! पाण्याच्या आत, पोटभर आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. पद्माबाईनं डोळे उघडले.

उजेड होता. तिला वाटलं होतं अंधार असेल. इथं तर वरून उन्हाचे पट्टे खाली उतरत होते आणि वाळूवर जाळीसारखे हलत होते. गुरुनाथ तिचा हात धरून तिला खाली नेत होता आणि तिला अंगाचं वजनच लागत नव्हतं. गुडघे दुखत नव्हते. कंबर दुखत नव्हती. खडकावर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखं काहीतरी वाढलेलं होतं, त्यातनं बोटाएवढे निळे मासे आत बाहेर करत होते. मग बाजूनं एक थवाच आला, हळदीसारखा पिवळाधमक, अंगावर काळे पट्टे. मासे तिच्या हाताजवळ आले, तोंडाजवळ आले. एकानं तर तिच्या बोटाला टोच मारली. ती खदखदून हसली आणि नाकात खारं पाणी गेलं, तरी हसणं थांबेना.

आनंदाच्या भरात तिनं गुरुनाथला अंगठा दाखवला. फार झकास!

गुरुनाथ लगेच तिला वर न्यायला लागला. पद्माबाईनं जोरजोरात मान हलवली, दोन्ही हात हलवले, शेवटी आठवून बोटांचा गोल केला, एक नव्हे, दोन्ही हातांनी दोन. काचेमागं गुरुनाथचे डोळे हसताना तिला दिसले. ते पुन्हा खाली गेले.

तळाशी गुडघे टेकून ती बसली. मूठभर वाळू उचलली. पांढरी, स्वच्छ. बोटांतनं ती हळूहळू सांडली आणि पाणी जरासुद्धा गढूळ झालं नाही.

तेव्हा तिला तो आठवला. तो जिथं जायचा तिथं उजेड नव्हता, नळी नव्हती, हात धरायला कुणी नव्हतं. हातानं चाचपत गाळात शोधायचं, आणि हाताला काय लागेल ते माहीत नाही. हे सगळं एका दमात. वर येऊन म्हणायचं, काई न्हाई, गाळ. काचेच्या आत तिचे डोळे भरून आले. पुसायची सोय नव्हती. ती तशीच मासे बघत राहिली, आणि मासे इतके देखणे होते की रडणं तिथं फार वेळ टिकलं नाही.

वर आली तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. नळी काढल्या काढल्या तिनं बोलायला सुरुवात केली, "जोती, पिवळे! हळदीवानी पिवळे! अन् एकानं मला चावलं गं! दादा, अजून एकदा जाता येतंय का?"

होडीच्या कडेवरून दोन हात खाली आले आणि तिच्या दंडांना धरून तिला वर ओढायला लागले. जळबाचे हात. ती होडीत आली तरी ते सुटले नाहीत. चेहऱ्यावर रंग नव्हता.

"काहून एवढा येळ लावला?" तो म्हणाला.

"वीसच मिनिटं झाली बाबा," ज्योती म्हणाली. मग आईच्या कानाशी लागली, "एकदासुद्धा बसले नाहीत. होडीवाल्याला विचारून विचारून भंडावलं."

पद्माबाईच्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. विहिरीच्या काठावर मी कशी उभी राहत होते ते आता कळलं का, हे वर्षानुवर्षं साठलेलं वाक्य. पण तिनं ते गिळलं आणि त्याचे हात आपल्या ओल्या हातांत धरून ठेवले.

"तुमी न्हाई गेले ते बरं झालं," ती हळूच म्हणाली. "तुमाला तिथं काई कामच नव्हतं."

यावर जळबानं तिच्याकडं बघितलं. मग हसायला लागला. आधी घशात, मग पोटातनं, होडी हलेपर्यंत.

दुपारभर पद्माबाईची बडबड थांबली नाही. खानावळीत वाढणाऱ्या बाईला तिनं मासे सांगितले, रिक्षावाल्याला सांगितले, कुरुंद्याला शेजारणीला फोन लावून सांगितले. "उद्या त्या छत्रीला लटकायचं," असं तिनं जाहीर केलं, आणि छत्रीला कानाचं काही लागत नाही ना, हेही ज्योतीकडनं पक्कं करून घेतलं. "दोघंबी जाऊ. तुमी पुढं बसा."

ऊन उतरल्यावर तिघं किनाऱ्यावर आली. ज्योती शिंपले वेचत पुढं गेली. जळबानं धोतर गुडघ्यावर घेतलं आणि लाटांच्या कडेला ओल्या वाळूत फतकल मारून बसला. पद्माबाई त्याच्या उजव्या अंगाला बसली.

पाण्याकडं बघत त्यानं मूठभर ओली वाळू उचलली.

"तळ दिसत व्हता?" त्यानं विचारलं.

"सगळा. वाळू न् वाळू."

"साफ?"

"ताटात जेवावं इतका साफ."

त्यानं मान हलवली. एक लाट आली, मांडीपर्यंत भिजवून गेली. तो हलला नाही.

"उजेड किती?"

"घरात सकाळच्याला येतो ना, दार उघडल्यावर, तेवढा."

"अन् मासे हाताला येत व्हते?"

"आपून व्हऊन येत व्हते. धरावं लागत न्हाई."

"आपून व्हऊन," तो स्वतःशीच म्हणाला. सूर्य पाण्याला टेकायला आला होता. लांबून ज्योती चहाला हाक मारत होती. जळबानं तिकडं लक्ष दिलं नाही. उजवा कान बायकोकडं करून तो म्हणाला, "पुन्यांदा सांग. होडीपासून सांग."

पद्माबाईनं होडीपासून सुरुवात केली. शिडी सांगितली, नळी सांगितली, बुडबुडे सांगितले, पिवळे मासे सांगितले. आणि या वेळी तिनं न पाहिलेला एक मासाही त्यात घातला, हातभर लांब, निळाशार, शांतपणे जाणारा. तो कुठं गेला म्हणून जळबानं विचारलं, तेव्हा तिनं समुद्राकडं बोट केलं, आणि दोघं कितीतरी वेळ तिकडं बघत राहिली.