चिडवायची प्रार्थना

सुताराचा देवावर काडीचाही विश्वास नव्हता आणि त्याचा जिवलग रंगारी देवाचं नाव घेतल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. तीस वर्षं एकाच कारखान्यात रोज सकाळी रंगारी प्रार्थना म्हणायचा आणि सुतार शेजारून तीच वेडीवाकडी करून गायचा, ‘देवा, आता दुकान बंद कर!’ रंगाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हातातली रंगाची चिंधी तो सुताराच्या तोंडावर फेकायचा.

आज रंगारी दवाखान्यात बेशुद्ध पडला होता.

“भाऊजी, यांच्या कानात प्रार्थना म्हणा,” वहिनी रडत म्हणाली.

सुताराला खरी प्रार्थना आठवेचना, चिडवायची तेवढी तोंडपाठ. तीच तो म्हणाला. मग ओरडून म्हणाला. शेवटी स्वतःचा रुमाल त्याने रंगाऱ्याच्या मुठीत कोंबला.

“फेक की, लेका!”

रुमाल खाली गळून पडला.