अर्जुनाच्या मुठीतला दगड

मी म्हसवडच्या डोंगरातला काळा दगड बोलतोय. ज्याला काही कळत नाही, त्याला तुम्ही दगड म्हणता. म्हणा बापडे. पण आज जरा माझं ऐकून घ्या.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या लाव्हारसातून माझा जन्म झाला. तेव्हा हा डोंगर इथं नव्हताच. आपली सगळी जमीन विषुववृत्ताच्या खाली, दक्षिणेच्या समुद्रात होती. मी थंड होत असताना माझ्या अंगातले लोखंडाचे बारीक कण होकायंत्राच्या सुईसारखे पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे वळले आणि तसेच गोठले. पुढं जमीन उत्तरेकडं सरकत राहिली, पण माझे कण मात्र अजून दक्षिणेतलाच कल धरून बसले आहेत.

हे वाचणारं माणूस फार उशिरा भेटलं. विश्रामबागेतल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या विनोदिनीबाई सांगलीहून आल्या. डोंगराला खडीची खाण लागली होती, म्हणून त्यांची घाई. खाणीवरचाच एक तरुण, अर्जुना, त्यांना वाट दाखवायला आला. बापाच्या माघारी मेंढरं विकून तो खाणीवर लागला होता.

बाई त्याला समजावत होत्या. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचे किनारे फाटक्या घोंगड्याच्या दोन तुकड्यांसारखे जुळतात. समुद्र ओलांडू न शकणाऱ्या एकाच प्राण्याची हाडं दोन्हीकडच्या खडकांत सापडतात. आपल्या उन्हाच्या देशात जुन्या हिमनद्यांचे ओरखडे आहेत. म्हणजे हे खंड कधीकाळी एकत्र होते, मग पांगले. अर्जुना हसून म्हणाला, "मंजी जमीन बी आमच्यावानीच हिंडतीया म्हणा की."

बाईंनी होकायंत्र लावून माझा कल मोजला आणि माझ्या पाठीवर उत्तरेकडं पांढरा बाण काढला. दगड जागेवर कसा बसला होता हे ठाऊक असेल तरच त्याची साक्ष धरतात. मला फोडून काढायचं तेवढं राहिलं. त्यांना शेवटची एसटी गाठायची होती.

त्याच आठवड्यात तो कडा उडवायचं ठरलं. अर्जुनानं बाईंना फोन केला. तेवढा बाणाचा दगड काढून ठेव, असं त्या म्हणाल्या. तो हातोडा-छिन्नी घेऊन वर आला आणि त्यानं मला अगदी जपून सुटं केलं. सुरुंगाआधी भोंगा वाजवायचा असतो. त्या दिवशी तो वाजलाच नाही.

ढिगाऱ्यातून त्याला काढलं, तेव्हा मी त्याच्या मुठीत होतो. भाऊबंदांनी मग मलाच त्याचा जीवखडा केलं. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत या खड्यात राहतो असं मानतात, मग तो पाण्यात सोडतात. मला वळचणीला टांगलं होतं. त्याची आई बनाबाई माझ्याखाली येऊन बसायची, आज काय शिजवलं ते सांगायची. मला ते ऐकवत नव्हतं.

दहाव्याला विनोदिनीबाई माणगंगेवर आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. डोंगराच्या त्या थराची एव्हाना खडी झाली होती, उरलो होतो मी एकटा. बनाबाईनंच त्यांना जवळ बोलावलं. लोकांना वाटलं, आता ती हिला शिव्या घालणार.

"बाई, अर्जुना सांगत हुता, ह्यो दगूड लय जुनं ध्यानात ठिवतो. मंग माझा अर्जुना बी ह्यात ऱ्हाईल का? ऱ्हात आसंल तर घिऊन जावा, जपा. मी न्हाई पाण्यात सोडत."

एक हो म्हटलं असतं, तर मी त्यांच्या पिशवीत असतो. बाईंना रडू आवरेना.

"नाही, मावशी. तापून थंड होताना जे शिरलं, तेवढंच त्यात राहतं. नंतरचं काही राहत नाही."

बनाबाईनं मान हलवली आणि मला पाण्यात सोडलं.

आता मी गाळात आहे. बाण पुसला, माझी साक्ष संपली. त्याचं मला फारसं दुःख नाही. एका अख्ख्या भूमीचा प्रवास माझ्यात आहे, पण त्या पोराच्या मुठीची ऊब नाही. ती माझा एक कणही हलवू शकली नाही, याची मला लाज वाटते. मला जे जमलं नाही, ते तुम्हाला जमतं. म्हणून हात जोडून मागतो, त्याला तुम्ही लक्षात ठेवा. त्याचं नाव अर्जुना होतं.